विहिरीवरचा क्ष

कॉलेजात तर्कशास्त्राचे प्राध्यापक आम्हाला रोजच्या बोलण्यातली वाक्यं चिन्हांत मांडायला लावत. ‘सगळे’ आलं की लिहायचं ‘प्रत्येक क्षसाठी’. ‘कोणीतरी’ आलं की ‘निदान एक क्ष असा आहे की’. मला ते आवडे. क्षला जात नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शेलूबाजारजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा आमच्या महारवाड्याचा ओढ्यातला पाण्याचा झिरा आटला होता. त्याच आठवड्यात, सार्वजनिक पाणी सगळ्यांना मिळतं का हे तपासायला तालुक्याहून साहेब आले. पाटलांनी त्यांना गावविहिरीवर नेलं. त्या दिवसांत झेंडू मिळत नाही, म्हणून साहेबांना घातलेला हार कन्हेरीचा होता. पाटील म्हणाले, “जो मांगन त्याले आमी पान्याले कदी नाही म्हनलं नाही, साहेब.” साहेबांनी मान हलवत लिहून घेतलं.

मी दुरूनच मनात मांडणी केली. प्रत्येक क्षसाठी: जर क्षने पाणी मागितलं, तर क्षला नकार मिळाला नाही. आमच्यातल्या कोणी आजवर मागितलंच नव्हतं, त्यामुळे वाक्य खरं होतं. खोटं पाडायला नकार मिळालेला एकच क्ष पुरला असता.

घरी आईला हे सांगितलं.

“मांगतलंच नाही त नाही कोन म्हनन?” ती म्हणाली. “हे शिकाले कालेजात जा लागते काय रे?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तू गेला त मारतीन. मलेच जा लागन.”

सकाळी ती घागर घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर उभी राहिली. पाटील विहिरीसमोरच्या आपल्या ओसरीवर होते. मी बराच मागे, लिंबाखाली.

“घागरभर पानी वाढा ना जी, पाटील.”

“वाढू ना. थांब जराशी.”

ती थांबली. बायका येत होत्या, भरून जात होत्या. एकीने विचारलं, “काहून उभी आहेस वं?”

“पानी मांगतलं.”

“मंग?”

“थांब म्हनलं.”

बाई तोंडाला पदर लावून हसली आणि गेली. ऊन डोक्यावर आलं. पाटील जेवायला गेले, ते दुपारची झोप काढूनच बाहेर आले. आईकडे पाहून म्हणाले, “थांबली ना? थांब.”

दिवस कलल्यावर ती रिकामी घागर घेऊन आली.

“नाही म्हनले?” मी विचारलं.

“नाही त कोनी म्हनलं नाही.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी फक्त मांडणी पुन्हा तपासली. पाटलांचं वाक्य अजूनही खरं होतं.