पंगत उठेपर्यंत

नापास होण्यासाठी माझ्या साडूंनी जेवढे कष्ट घेतले, तेवढे परभणी जिल्ह्यात पास होण्यासाठीही कुणी घेतले नसतील. आमच्या पूर्ण्यात त्यांच्याबद्दल दोन मतं आहेत. एक, त्यांना डोकं नाही. दुसरं, त्यांचं डोकं फिरलंय. दोन्ही पसरवण्यात माझा हात आहे, कारण ते ज्या कॉलेजात शिकत होते तिथला मी प्राचार्य होतो. आता वय झालं, खरं काय ते सांगून टाकावं म्हणतो. अडचण एवढीच की खरं काय ते मलाही अजून नीट उमगलेलं नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर साडू बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात खिडकीकडच्या बाकावर येऊन बसले. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, त्यामुळे घरी मी त्यांच्या पाया पडायचो, आणि कॉलेजात मी वर्गात शिरलो की ते पोरांबरोबर उभे राहायचे. एकदा दिवाळीच्या फराळाला मी सवयीने त्यांना नुसतं "बसा" म्हणालो. ते हाताची घडी घालून बसले. मेहुणीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून पुन्हा पाया पडलो. कुणी कुणाला नमस्कार करायचा हे आम्हा दोघांत शेवटपर्यंत ठरलं नाही.

आमच्याकडे पहिल्या वर्षाचा वर्ग भरलेला असतो. मग दसऱ्यानंतर काही घरं ऊसतोडीला निघतात, काही पोरींची लग्नं ठरतात, कुणी पुण्याला कंपनीत लागतं. तिसऱ्या वर्षाला पोरांपेक्षा बाकच जास्त. आम्ही त्याला गळती म्हणायचो आणि तिचा टक्का वर कळवून मोकळे व्हायचो. साडूंना हे पटायचं नाही. "गेली म्हंजे कुठं तरी असतीलच की सर," म्हणायचे आणि शोधायला निघायचे. चुडाव्याच्या एका पोराने कॉलेज सोडून मोबाईलचं दुकान टाकलं, तर हे रोज जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायला लागले. "काका, धंदा बसायलाय माझा," पोरगा काकुळतीला आला. "मग पेपरला जा. दुकान मी बघतो." त्याने पेपर लिहिला. यांनी त्या वेळात कुणाला तरी चुकीचा चार्जर विकला आणि स्वतःचा पेपर बुडवला.

राणीसावरगावची एक मुलगी तिसऱ्या वर्षाला लग्न होऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. साडू पुस्तकं घेऊन तिच्या फडावर पोचले. ती मोळ्या बांधायची आणि हे सावलीला बसून मोठ्याने वाचायचे. मुकादम वैतागला. "बाबा, एक तर कोयता धर न्हाई तर गप बस." साडूंनी कोयता धरला आणि वाचायला तिला बसवलं. "शिकायलंय तरी कोण, तुमी का ही?" मुकादमाने विचारलं. "दोघंबी. एका वर्गात हाव आमी." त्यांनी तोडलेला ऊस पाहून मुकादमाने दुपारी पुन्हा त्यांच्याच हातात पुस्तक दिलं म्हणे.

अशी एकेक पोरं परत आणत हा माणूस स्वतः मात्र तिसऱ्या वर्षाला दर वेळी अर्थशास्त्राचा पेपर कोरा ठेवायचा. वर्गातले पास होऊन निघून गेले, साडू तिथेच. कॉलेजच्या निकालाचा टक्का ज्यांनी वाढवला, तेच तो खाली ओढत होते. तेवढ्यात तपासणी समिती आली. "खिडकीपाशी ते वयस्कर गृहस्थ कोण?" अध्यक्षांनी विचारलं. "आमचे माळी," मी म्हणालो. "आवड म्हणून बसतात." साडूंनी ते ऐकलं. शांतपणे वही मिटली, बाहेर जाऊन पाइप उचलला आणि समिती जाईपर्यंत अशोकाच्या झाडांना पाणी घातलं. समितीने झाडांची फार तारीफ केली.  त्या दिवसापासून तास संपला की साडू झाडांना पाणी घालायला लागले, रोज.

कोऱ्या पेपराचं कारण मला त्यांच्या नातवाच्या जावळाला कळलं. पंगत आटोपली होती, पण तोंडाचं बोळकं झालेले एक आजोबा सावकाश भात चिवडत होते. मी उठायला लागलो तर साडूंनी माझा हात धरला. "शेवटचा माणूस जेवायलाय मास्तर. तंवर उठू न्हाई." मग हलक्या आवाजात म्हणाले, "आमची राणीसावरगावची पोरगी अजून पास व्हायची हाय. मी आधी पास होऊन कसा उठू?"

पदवी पुरी करायची विद्यापीठाची मुदत संपत आली. यंदा नाही तर दोघांचंही केलेलं सगळं वाया. ती आली. कडेवरचं लेकरू मेहुणीबाईंकडे देऊन पेपराला बसली, आणि साडूंनीही पहिल्यांदाच पुरवणी मागितली. निकाल लागला. ती पास, साडू नापास, तेही मनापासून लिहून. कोराच ठेवायचा म्हणून अर्थशास्त्र त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. गावात यावर कुणाचा विश्वास बसेना. मुदत संपली होती, तेव्हा साडू पुन्हा पहिल्या वर्षाला जाऊन बसले.

कॉलेजातल्या पदवी समारंभाला मी माजी प्राचार्य म्हणून पुढच्या रांगेत होतो. माइकवरून तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. ती बाहेर अशोकाखाली, पाइपने पाणी घालणाऱ्या साडूंच्या शेजारी उभी होती. मी उठून गेलो. साडू तिला रागे भरत होते, "जा की बाई, बोलवायलेत." ती हलली नाही. "तुमचं व्हायचं हाय अजून काका," म्हणाली. "मी कशी उठू?"

माझ्या मागोमाग समारंभाचे पाहुणे आले. झाडांकडे बघत त्यांनी मला विचारलं, "हे तुमचे माळी का?"

"नाही," मी म्हणालो. "आमचे विद्यार्थी. पहिल्या वर्षाचे."

साडूंनी पाइप खाली ठेवला आणि पोरं उभी राहतात तसे माझ्यासमोर सरळ उभे राहिले. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. पाहुणे गोंधळून आमच्याकडे पाहत राहिले.  पाइप तसाच वाहत होता, आणि आम्हा सगळ्यांचे पाय भिजत होते.