तीन दिवस भिजलेले गहू

ये गं, अशी जवळ बस. चार माणसांच्या पंगतीत विचारतात का असं? काल जेवताना तू फटकन विचारलंस, आत्याआजी सासरी काहून नाही राहिली म्हणून. ती हसली म्हणून सुटलीस. असलं काही विचारायचं तर मला विचारावं. मी होते तिथं.

तुझी आत्याआजी म्हणजे माझी नणंद. अकोल्याला दिली होती. बाळंतपणाला अमरावतीला, आमच्या घरी आली. मूल वाचलं नाही, आणि त्यानंतर सासरहून न्यायला कोणी आलंच नाही. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. ती तोंडातून चकार शब्द काढायची नाही. एक दिवस शेजारच्या शाळेतल्या बाईंकडून सातवीची जुनी पुस्तकं घेऊन आली. सातवी झाली की मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता येई तेव्हा.

मी चौथीत शाळा सोडलेली, पण तिच्यासोबत मीही वाचायला लागले. अभ्यास चालायचा चुलीपाशी. विज्ञानात एक धडा होता, भौतिक बदल आणि रासायनिक बदल. पाठ करून काही डोक्यात राहीना, मग म्हटलं, करूनच पाहू. ताटात मिठाचं पाणी करून उन्हात ठेवलं. पाणी उडून गेलं, मीठ खाली तसंच. चाटूनही पाहिलं. तूप चुलीजवळ सरकवलं, पातळ झालं, बाजूला घेतलं, परत थिजलं. हे भौतिक. दुधाला विरजण लावलं की मात्र दह्याचं दूध काही होत नाही, डोकं आपटा. ते रासायनिक. एकदा गुळाचा पाक पाहत बसलो तर तो काळा कडू झाला. सासूबाई म्हणाल्या, "परीक्षा तिची अन् गूळ माहा जाते."

भांडण लागलं ते गव्हावरून. उन्हाळ्यात कुरडयांचे गहू भिजत घातले होते. मी म्हटलं, भिजणं म्हणजे भौतिकच. दळणाआधी आपण गहू ओलावतो, वाळवतो, बिघडतं का काही? ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी वास घ्या वहिनी, मंग बोला." घेतला. आंबूस, थेट टाळूत चढणारा. दाणा चिमटीत धरला की पांढरा चीक बाहेर. ते गहू मग कितीही वाळवा, पोळीचे राहत नाहीत. मी हरले.

त्याच सकाळी आम्ही तिघी अंगणात गहू चुरून चीक काढत होतो, आणि दारात तिचे सासरे आणि दीर. बाजेवर बसले, चहा झाला. मग हळूच निघालं, घरच्या बाईचे हात वातानं धरलेत, भाकरी थापायला माणूस नाही. झालं गेलं विसरा, सूनबाईला पाठवा. परीक्षा आठवड्यावर आलेली.

मामंजी वाईट नव्हते गं. आपल्यामागं पोरीचं कसं होईल, ह्या घोरानं त्यांची झोप गेली होती. न्यायला माणसं आली, एवढंच त्यांना दिसलं. डोळे पुसत म्हणाले, "बाई, सामान बांध." नणंदेचे हात चिकात होते, तसेच राहिले. मला वाटलं, गेली ही.

सासूबाई कधी व्याह्यांसमोर यायच्या नाहीत. त्या दिवशी डोक्यावर पदर ओढला आणि मूठभर भिजले गहू घेऊन बाजेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "याची पोळी होईन का?"

व्याही गोंधळले. "आंबलेल्या गव्हाची पोळी कशी होईन, विहीणबाई?"

"मंग झालं. भिजत घालून तुमी गेले, तवाच्या तवा काढाले आले असते तर नेली असती. आता तुमच्या घरची पोळी नाही होत तिची. दुसरं काय होते ते आमी पाहू."

दीर आपल्या चपलांकडे पाहत होता. मामंजींनी मग, आयुष्यात पहिल्यांदा असेल, लेकीला विचारलं, तुझ्या मनात काय आहे. ती मान वर न करता म्हणाली, "मले परीक्षेले बसायचं हाय, बाबा."

मामंजींनी व्याह्यांना हात जोडले. सासूबाईंनी त्यांना रिकाम्या हातानं मात्र जाऊ दिलं नाही, मागच्या सालच्या कुरडया बांधून दिल्या. घरी बाई आजारी आहे, तोंडी लावायला होतील, म्हणाल्या.

नणंद पास झाली. भौतिक-रासायनिकचा प्रश्न मेला आलाच नाही! मग ट्रेनिंग, मग वरूडकडे शाळेत नोकरी, आणि किती पोरांना तिनं हा धडा कढई पुढ्यात ठेवून शिकवला. तळताना कुरडई फुलते तो बदल कोणता, यावर मात्र आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही.

आता ती माझ्याजवळच असते. पोरांची सवय झालेलं माणूस, घर रिकामं असलं की गप्प होते. तू आलीस की चार दिवस बोलत राहते. उद्या जाशील, जा. पण दिवाळीची वाट नको पाहू, मधेच ये. लवकर ये.