चाऊसची मंडी आणि रिठदचे मामा

जगाच्या पाठीवर कोणत्या गावात लोक काय जेवतात हे तोंडपाठ असलेला एकच माणूस मी पाहिला. ते आमचे रिठदचे मामा. आणि त्यांची स्वतःची मजल अकोल्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती. परगावचा माणूस दिसला की मामा त्याला नाव विचारत नसत, जात विचारत नसत, कामधंदाही विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्या गावाले काय खातेत?" कल्हईवाला, गारुडी, हिंग विकायला आलेला पठाण, कुणाचीही यातून सुटका नव्हती. एकदा जमिनीच्या मोजणीला एक साहेब आले. ते बिचारे बोलून गेले की आम्ही कोकणातले, आमच्याकडे मासे आणि भात. झालं! मामांनी मोजणीची साखळी बांधावर ठेवायला लावली, त्यांना लिंबाखाली बसवलं आणि माशाचा काटा घशात अडकू न देता मासा कसा खातात याची साग्रसंगीत चौकशी केली. त्या गडबडीत आपला बांध हातभर आत आला, असं मामी जन्मभर म्हणत राहिल्या. मामांचं त्यावर उत्तर असे, "बांध गेला तं गेला, पन काटा कसा काढतेत थे तं समजलं!"

मी तेव्हा रिसोडच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि बाजाराजवळ एका खोलीत राहत होतो. मामा बाजाराच्या दिवशी बंडी जुंपून येत, माल विकत आणि मग माझ्या खोलीवर यायचं सोडून मोटारस्टँड गाठत. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीत ते चढत. जायचं कुठेच नसे. शेजारच्या उतारूच्या फडक्यात काय बांधलं आहे ते बघायचं, थोडं चाखायला मिळालं तर चाखायचं आणि ड्रायव्हर जागेवर येऊन बसला की उतरायचं. एकदा जवसाच्या चटणीवरून एका म्हातारीशी बोलणं इतकं रंगलं की मोटार सुटली आणि मामा थेट केनवडला जाऊन पोचले. परतीची मोटार नव्हती, म्हणून पायी आले. मी खोलीच्या दारात वाट बघून कावलो होतो. मामांचा चेहरा मात्र सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आल्यासारखा. "बाबू, थे चटनीत लसून घालतच नाईत," एवढं सांगून ते आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले.

लोक मामांना खादाड समजत. खरं म्हणजे मामांचं जेवण चिमणीचं. या सगळ्या चौकशीच्या मुळाशी होता त्यांचा धाकटा भाऊ, सदामामा. लढाईच्या दिवसांत सदामामा घरी भांडून पलटणीत खेचरं हाकायला लागला आणि बोटीत बसून दूर कुठेतरी गेला. लढाई संपली, त्याच्याबरोबरचा एक शिपाई परत आला, आणि त्याने सांगितलं की येताना बोट एडनला लागली तेव्हा सदा उतरला, तो पुन्हा चढलाच नाही. तिथेच कुणाकडे तरी कामाला राहिला म्हणतात. त्यानंतर काही कळलं नाही. सदामामाला ना लिहिता येई ना वाचता. दुसरा कुणी असता तर तो भाऊ कुठे असेल, कसा असेल याची काळजी करत बसला असता. मामांच्या मनाने एकच घोर घेतला, की तो तिथे जेवत काय असेल. कारण सदामामाचे जेवणाचे नखरे पंचक्रोशीत प्रसिद्ध. गव्हाच्या पोळीने त्याचं पोट दुखे, भाताने भूक भागत नसे. ज्वारीची भाकर आणि मटणाचा रस्सा असला की मात्र स्वारी सगळ्यांच्या आधी पाटावर. "तिकडं समिंदरावर ज्वारी कोन पेरते?" मामा मला विचारायचे. मी भूगोल शिकवतो म्हणून मला विचारायचे. मला एडन नकाशावर दाखवता येत होतं, पण नकाशात भाकरी काढलेल्या नसतात.

आणि त्याच दिवसांत मामांनी मटण सोडलं. सदा घरी येऊन पंगतीला बसेपर्यंत मटण शिवणार नाही, अशी शपथ त्यांनी देवासमोर घेतली होती. लग्नकार्यात लोक आग्रह करत, चिडवत. मामा वरणात भाकर कुस्करत आणि भलत्याच गावच्या जेवणाचं वर्णन करत बसत. घरात मटण शिजलं तर बंडीचं चाक ढिलं झालं असं म्हणून अंगणात जात. ते चाक कधीच ढिलं नसे.

अशात रिसोडला चाऊस आला. पैनगंगेपलीकडे निजामाचं राज्य होतं तेव्हा चाऊस म्हणवणारे हे अरब त्याच्या फौजेत चाकरीला असत. राज्य गेलं, चाकरी गेली, आणि त्यांतला हा एक नदी ओलांडून आमच्याकडे आला आणि त्याने बाजाराच्या तोंडाशी पत्र्याखाली हॉटेल टाकलं. ताडमाड उंच, मेंदी लावलेली दाढी, लुंगीवर हातभर रुंद चामडी पट्टा. त्या पट्ट्यात पूर्वी जंबिया खोचलेला असे म्हणतात. आता मिठाची डबी असायची. हॉटेलच्या दाराशी त्याने पाटी लावली, 'आज मंडी'.

आमच्याकडे मंडी म्हणजे धान्याचा बाजार. मामांनी एकेक अक्षर जुळवत ती पाटी वाचली. नेहमीच्या अडत्याच्या घासाघिशीला ते विटले होतेच. त्यांनी गड्याला सांगून ज्वारीची बंडी सरळ हॉटेलच्या दारात उभी केली. शाळेतून येताना मी हे पाहिलं आणि धावलो, पण मी पोचेपर्यंत व्यवहार सुरू झाला होता.

"काटा कुठी हाय?" मामांनी विचारलं.

"काँटा-चम्मच नई रखते जी हम," चाऊस म्हणाला. "हात से देते, हात से खाते."

"हातानं मोजून? मापात मारत तं नाई ना?"

"तोबा! पेट भर के देते. कित्ते लोगां हैं?"

"लोकं कायले पायजेत? मी हाय अन् दोन पोते हाय."

चाऊसच्या भाषेत पोता म्हणजे नातू. त्याचा चेहरा एकदम फुलला. "दो पोते? मग उनकू धूप में कायकू बिठाये? अंदर लाओ, अंदर लाओ!" आणि त्याने आत जाऊन लगबगीने दोन छोटे पाट मांडले. पोत्यांसाठी पाट मांडणारा व्यापारी मामांनी जन्मात पाहिला नव्हता. गहिवरून त्यांनी गड्याच्या मदतीने पोती आत नेली आणि पाटांवर ठेवली. चाऊसने पोत्यांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हसू दाबत मी दोघांना दोघांचं समजावून सांगितलं. मग चाऊस एवढा हसला की वरचा पत्रा वाजला. मंडी म्हणजे एक खाणं, त्याने सांगितलं. जमिनीत खड्डा करून त्यात निखाऱ्यावर भात आणि गोश्त शिजवतात, त्याच्या बावांच्या, म्हणजे वडिलांच्या, मुलखाचं खाणं.

मामांनी विचारायचं ते विचारलंच. "कोन्तं गाव?"

"हजरमौत. अदन के उधर."

"अदन म्हंजे एडन काय?"

"हौ, वोइच."

मामा एका पोत्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पोती पुन्हा बंडीत चढली, अडत्याकडे गेली, आणि त्या दिवशी मामांनी ज्वारीच्या दरासाठी हुज्जतही घातली नाही.

त्यानंतर मोटारस्टँड सुटला. दर बाजाराला मामा चाऊसच्या समोरच्या पानठेल्यावरच्या फळीवर येऊन बसत. दुपारी खड्ड्यावरचं झाकण निघालं की वाफ येई, आणि मामा मान किंचित पुढे काढून डोळे मिटत. पानवाला वैतागला होता, कारण मामा पान खात नसत. तोंडाला दुसरा वास नको म्हणत. मी म्हणायचो, "मामा, एवढं वाटते तं जाऊन बसा ना." मामा म्हणायचे, "कसा बसू? गोश्त हाय त्याच्यात." मग थोड्या वेळाने, "पन सदा थेच खात असंन ना रे?" आणि पुन्हा थोड्या वेळाने, "शपथ मोडली अन् त्याच्यामुळं थो आलाच नाई तं?" भावाने काय खाल्लं ते कळावं म्हणून जीव तुटत होता, आणि भावासाठीच ते खाता येत नव्हतं.

एका बाजाराला मामा फळीवरून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चाल. भात खाऊ. भाताची शपथ नाई घेतली." मी निघालोच. मी तर कसलीच शपथ घेतलेली नव्हती.

चाऊसने सतरंजी अंथरली आणि मधोमध एक मोठं थोरलं ताट आणून ठेवलं. मामा वेगळ्या ताटाची वाट पाहत बसले. वेगळं ताट आलं नाही. स्वतः चाऊसच बाही सारून समोर बसला. त्यांच्याकडे पाहुण्याला एकट्याने जेवू देत नाहीत, सगळे एकाच ताटात. मामांना घाम फुटला, कारण चाऊसच्या ताटात जेवल्याचं मामींना कळलं तर? पण वाफ नाकात गेली आणि मामांनी आपल्या बाजूचा भात उचलला. लांब शीत, मनुका, धुराचा वास. मामा डोळे मिटून सावकाश चावत राहिले.

तेवढ्यात चाऊसने मटणाचा एक नरम तुकडा बोटांनी सोडवला आणि भातावरून सरकवत मामांच्या पुढ्यात आणून ठेवला. मामांनी तो हळूच परत सरकवला. चाऊसने आणखी मोठा सरकवला. मामांनी तोही परत केला. भातात दोघांच्या बोटांनी बंडीच्या चाकोऱ्या पाडल्या. ताटाची ही ओढाताण पाहता पाहता माझं जेवण निवांत चाललं होतं. शेवटी चाऊसचा हात थांबला. "क्या जी मामा, हमारे हात का नई चलता?"

त्याचा आवाज दुखावलेला होता. मामा गडबडले. "नाई बाप्पा, तसं नाई," म्हणाले, आणि मग सदामामाचं सगळं सांगितलं. भांडण, बोट, एडन, शपथ. सांगताना हात ताटातच होता, भात वाळून बोटांना चिकटला होता.

चाऊसने दाढीवरून हात फिरवला. "मैंने वो मुलूक देखाच नई," तो म्हणाला. "मैं हिंगोली का पैदा. मेरे बावा जवान थे तब्बी इधर आये, फिर गयेच नई. बोलते थे, उधर जवारी की रोटी खाते."

"ज्वारी?" मामा जवळजवळ उठलेच. "एडनले ज्वारी?"

"बावा बोलते थे ना. और एक बात बोलूँ? मेरी दादी भी उधर कुच छोड़ी होगी बावा के वास्ते. खजूर छोड़ी होगी, गोश्त छोड़ी होगी. उसकू क्या मालूम, बावा इधर तुमारे लोगां के घर में पेट भर के खाते थे. जिधर बैठे उधर कोई ना कोई आगे सरकाताच था." त्याने डोळे पुसले आणि तोच तुकडा पुन्हा मामांच्या बाजूला ढकलला. "बुड्ढी फुकट भूकी रही जी."

मामांनी त्या तुकड्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "तिकडं परक्या मानसालेबी असंच सरकवतेत?"

"परकेकूच सरकाते. घरवाला तो खुद उठाता."

मामांनी तुकडा उचलला आणि खाल्ला. चावताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग मामा जेवले. मी मामांना तसं जेवताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

रिठदला हे कळायला वेळ लागला नाही. मामींना चाऊसच्या ताटाचं काही वाटलं नाही. त्या चुलीपुढे बसून रडल्या ते शपथ मोडली म्हणून. "म्हंजे तुमी भावजींची आस सोडली," त्या म्हणाल्या. मामा उंबऱ्यावर बसले होते. "थो येनार नाई असं कोन म्हनलं?" ते म्हणाले. "थो उपाशी नाई, येवढंच म्हनलं म्या."

सदामामा आला नाही. मामा मोटारस्टँडवर परत जाऊ लागले. मोटारीत चढत, बसत, वेळेवर उतरत. पण प्रश्न बदलला होता. कोणत्या गावाला काय खातात हे ते आता विचारत नसत. शेजारच्याला विचारत, "तुमच्या गावाले कोनी परका आला, तं त्याले जेवाले कोनासंगं बसवता?" आणि उत्तर मनासारखं मिळालं की मान हलवत खाली उतरत.

मामा गेले, चाऊसचं हॉटेलही मोडलं. मी नोकरीच्या पायी बऱ्याच गावांचं पाणी प्यालो, बऱ्याच खानावळींत भिंतीकडे तोंड करून एकटा जेवलो. ताट समोर आलं की मला मामांची फार आठवण येते. तेव्हा वाटतं, समोर कुणीतरी येऊन बसावं आणि काही न बोलता एखादा तुकडा माझ्याकडे सरकवावा.