चार्जिंगला लावलेल्या गाडीची राखण

मी भूगोल शिकतो, हे मामाने सोसायटीच्या सभेत सांगितलंच नाही. "आपला भाचा कॉलेजात हाय, तो समजावून सांगेल," एवढं म्हणून तो खाली बसला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे सगळंच शिकवतात असा घरच्यांचा समज आहे आणि तो मोडायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

प्रश्न मामाच्या गाडीचा होता. त्याने विजेवरची गाडी घेतली होती आणि सातपूरच्या एका कारखान्यातल्या साहेबांची तो रोज ने-आण करायचा. पण पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत, पार्किंगमध्ये, चार्जिंगचा पॉइंट नव्हता. बाहेरच्या चार्जरवर रांगेत त्याचा अर्धा दिवस जायचा. सोसायटीने पॉइंट बसवू दिला नाही, तर गाडी विकून घोटीला परत जायचं, असं त्याने ठरवलं होतं. मग मी राहणार कुठे, हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण विचारलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना शंका होती, की गाडी वीज ओढायला लागली की लिफ्ट मधेच अडकेल का. दुसऱ्या कोणाला भीती होती, की उरलेली वीज जमिनीत उतरून पाण्याच्या टाकीत जाईल. मी दोघांनाही म्हणालो, तसं होत नसावं.

"नसावं की नाही?" अध्यक्ष काकांनी विचारलं. बँकेतून निवृत्त झालेले, सावध गृहस्थ.

"नसावं," मी खरं ते सांगितलं.

माझ्या खरेपणामुळे परवानगी मिळाली ती महिन्यापुरती आणि एका अटीवर. चार्जिंग चालू असेपर्यंत एका शिकलेल्या माणसाने गाडीपाशी बसून राहायचं. म्हणजे मी.

मला एक प्लास्टिकची खुर्ची आणि गाडी पेटलीच तर म्हणून वाळूच्या दोन बादल्या मिळाल्या. गावाकडे भाताची राखण मी केलेली आहे. पण तिथे रानडुक्कर येतं, ते दिसतं, मग ओरडायचं. इथे नेमकं काय दिसलं की उठायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. गाडीचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि मी घाम पुसत त्याच्याकडे बघत राहायचो.

मग माझा पेपर आला. मी चाचरत अध्यक्ष काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, मी बसतो. मामाने लागली तर असू दे म्हणून किल्ली त्यांच्याकडे दिली. दुपारी परत आलो तर खुर्ची रिकामी. काका गाडीत होते. काचा बंद, एसी चालू, सीट मागे पाडलेली.

काच थोडी खाली करून ते म्हणाले, "आतून लक्ष जास्त चांगलं राहतं."

त्यानंतर राखणीला माणसांची रीघ लागली. शिकलेला हवा ही अट कधी गळाली ते कळलंही नाही. आजी मेथी निवडायला आत बसू लागल्या. मामाची गाडी काही पूर्ण भरेना. एकदा साहेबांना भर उन्हात एसी बंद करून आणावं लागलं, तेव्हा ते म्हणाले, असंच होणार असेल तर आम्ही दुसरी गाडी बघतो.

महिना संपला. सभेत मामाने हात जोडून विनंती केली, की पॉइंट राहू द्या, फक्त राखण बंद करा. काका गंभीर झाले. सुरक्षेचा प्रश्न आहे, म्हणाले. लिफ्टची भीती वाटणाऱ्या आजींनीही मान डोलावली. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो.

"गाडी पेटत नाही," मी म्हणालो. "पण एसी लावून आत बसलं, तर भरतही नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, काका. मी तिथे बसून बघितलंय."

शेवटी काकांनी तोड काढली, की राखण चालू राहील, पण बाहेर बसून. उद्यापासून कोण बसणार, असं त्यांनी विचारलं. आजींचे गुडघे दुखायला लागले. कोणाला नांदगावला लग्नाला जायचं होतं. काकांनी स्वतःचं नाव पुढे केलं नाही. तेव्हा राखणकर्ता मिळेपर्यंत राखण स्थगित आणि पॉइंट कायम, असा ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी मामाने गाडी चार्जिंगला लावली आणि सरळ वर जेवायला आला. मी पहिल्या घासानंतर उठून खिडकीतून खाली वाकलो.

"काय बघतो रे?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि ताटावर येऊन बसलो.