सायकल हातात धरून खुशाल न्या

मुलुंड तेव्हा मुंबईत आलेलं नव्हतं. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही तिथे राहायला गेलो, कारण तेवढ्याच भाड्यात दोन खोल्या मिळत होत्या आणि मागे थोडं अंगण होतं. त्याच वर्षी मला विक्रोळीच्या एका कारखान्यात ट्रेसरची नोकरी लागली. ड्रॉइंग ऑफिसात मोठ्यांनी काढलेल्या यंत्रांच्या नकाशांवर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने गिरवायची, हे ट्रेसरचं काम. सहा महिने उमेदवारी होती, पुढे कायम करायचं की नाही ते हेड ड्राफ्ट्समन ठरवणार होते. कारखाना स्टेशनपासून बराच आत होता. म्हणून मेहुण्यांनी आपली जुनी सायकल मला दिली आणि मी रोज सकाळी आग्रा रोडने जायला लागलो.

माझे वडील सरकारी कचेरीत नक्कलनवीस होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेले हुकूम सुबक अक्षरात उतरवले होते, आणि लिहिलेल्या शब्दावर त्यांचा फार विश्वास. जे लिहिलेलं असेल ते पाळावं, म्हणजे कोणापुढे मान खाली घालायची वेळ येत नाही, असं ते मला सांगत. मीही तेच मनात धरून सायकलवर बसलो.

पहिल्याच दिवशी नाहूर गावाच्या पुढे, मुंबईची हद्द सुरू होत होती तिथल्या जकात नाक्यावर, चुन्याच्या भिंतीवर पाटी दिसली. मराठीत लिहिलं होतं, 'सायकलींनी येथे थांबावे.' मी थांबलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या बाजूने चार-पाच सायकली सरळ निघून गेल्या आणि मला त्यांच्या बेशिस्तपणाचा रागच आला. शेवटी नाक्यावरचे कारकून चहा पिऊन बाहेर आले, माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि 'जा की' म्हणाले. मला वाटलं, तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थांबलो.

कांजूरच्या पुढे दुसरी अडचण होती. आग्रा रोडवरून आमच्या कारखान्याकडे जायला एक गल्ली होती. ती दुसऱ्याच एका कंपनीच्या मालकीची, दोन्ही बाजूंना त्यांच्या उंच भिंती. त्या गल्लीने गेलं की पाच मिनिटांत कारखाना येई, नाहीतर खाचखळग्यांतून दोन मैलांचा वळसा. गल्लीच्या तोंडाशी इंग्रजीत मोठी पाटी होती, 'सायकलींना सक्त मनाई.' म्हणून सकाळी मी वळसा घेत असे. पण संध्याकाळी कारखान्याच्या बाजूने यावं तर त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मराठीत लिहिलेलं, 'सायकली हातात धरून न्याव्यात.' मग संध्याकाळी मी सायकल हातात धरून त्याच गल्लीतून बाहेर पडे. जाताना मना आणि येताना मुभा, यात काहीतरी विपरीत आहे हे मला दिसत होतं. पण नियम करणाऱ्यांना काही कारण ठाऊक असेल, असं मी स्वतःला समजावत असे.

आमच्या कारखान्यातही सायकली कुठे लावायच्या ते दाखवणारी एक बाणाची पाटी होती. बाणाच्या दिशेने गेलो आणि मिळालेल्या जागी सायकल लावली. ती जागा साहेबलोकांची निघाली. संध्याकाळी येऊन पाहतो तर दोन्ही चाकांतली हवा सोडलेली. मुलुंडपर्यंत चालत आलो आणि आईला पंक्चर झालं म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांत मस्टरवर माझ्या नावापुढे उशिराच्या पाच लाल खुणा झाल्या. हेड ड्राफ्ट्समननी मला बोलावून कारण विचारलं. मला खोटं सुचलं नाही. मी म्हणालो, "साहेब, वाटेतल्या पाट्यांमुळे उशीर होतो." सगळं ड्रॉइंग ऑफिस हसलं. साहेब हसले नाहीत. आणखी दोन खुणा झाल्या तर कायम करण्याचं विसरा, एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी मी नाक्यावर पुन्हा उभा होतो. लिहिलेलं असताना पुढे जायला पाय उचलत नव्हता, आणि उभं राहावं तर नोकरी जाणार होती. तेवढ्यात एक सायकल माझ्याजवळ येऊन थांबली. साठीला टेकलेला, काटक माणूस. खाकी हाफ पँट, कानाच्या मागे पेन्सिलीचा तुकडा. मी त्यांना कारखान्यात पाहिलं होतं. पॅकिंग खात्यात लाकडी खोकी बनवणारे ते सुतार, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मूळचे मालवणकडचे, मुलुंडलाच आमच्यापासून दोन आळ्या सोडून राहत.

"कोणाची वाट बघतंस रे झिला?" त्यांनी विचारलं.

मी पाटी दाखवली. इथे थांबायला सांगितलंय, म्हणून थांबलोय.

मिस्त्रींनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थांबाक सांगला हा. पण निघाक कोण सांगतलो?"

ते सायकलवरून उतरले, नाक्याच्या दारात जाऊन कारकुनांना रामराम केला आणि त्यांच्या आईच्या डोळ्यांची चौकशी केली. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ह्या पोराला रोज का उभा करता. कारकून बाहेर आले. माल नेणाऱ्या सायकली तेवढ्या थांबायच्या असतात, ते म्हणाले. पाटीवर आधी 'मालाच्या' असा शब्द होता. दिवाळीच्या आधी भिंतीला चुना काढला तेव्हा गड्याचा कुंचला त्यावरून फिरला. हा मुलगा रोज का थांबतो ते त्यांनाही कळत नव्हतं. त्यांना वाटलं, दम लागत असेल.

त्या दिवसापासून मी मिस्त्रींच्या बरोबर जाऊ लागलो. ते सायकल हळू चालवत, तरी मी कधी उशिरा पोचलो नाही. त्यांची एक रीत होती. जिथे पाटी असेल तिथे जवळपास एखादा माणूस असतोच, असं ते धरून चालत. त्या माणसाजवळ उतरायचं, दोन शब्द बोलायचे, विचारायचं आणि निघायचं. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा पहारेकरी असे. मिस्त्री त्याला तंबाखूची चिमूट देत आणि आम्ही सायकली हातात धरून आत शिरत असू. तो म्हणे, बसून जाऊ नका म्हणजे झालं, गेल्या वर्षी एका सायकलवाल्याने साहेबांच्या मुलीला धक्का दिला म्हणून ती पाटी आली. इतकं साधं कारण होतं, आणि मी तीन आठवडे दोन मैलांचा फेरा घेत होतो.

एकदा मी त्यांना विचारलं, "मिस्त्री, ह्या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरंच लिहिलंय, तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

"माका वाचूक येणा नाय," ते म्हणाले. लाज नाही, खंतही नाही; पाऊण इंचाचा खिळा शिल्लक नाही म्हणावं तसं. मग म्हणाले, "तू जितक्या वाचतलंस, तितको तुका उशीर होतलो."

मी हसलो, पण घरी गेल्यावर ते वाक्य वडिलांना सांगण्याचं धैर्य झालं नाही.

चैत्रात मला हिवताप आला आणि आठ दिवस मी अंथरुणावर होतो. नवव्या दिवशी सायकल काढून मिस्त्रींच्या घरी गेलो, तर त्यांची बायको म्हणाली, ते कधीच निघाले, हल्ली पहाटेच निघतात. पुढे भांडुपजवळ मला ते दिसले. उन्हाची तिरीप आलेली, डोक्यावर पंचा, आणि पायी चालत होते. मी उतरलो. सायकल कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, ठेवली आहे. कुठे ठेवली आहे, तर पंचा सारखा करत चालू लागले. बऱ्याच वेळाने कळलं. गल्लीवरचा म्हातारा पहारेकरी गावी गेला होता आणि त्याच्या जागी नवा माणूस आला होता. पाटीखाली एक नवी ओळही आली होती, की सायकल आढळल्यास जप्त होईल. मिस्त्री नेहमीसारखे उतरून रामराम करायला गेले. नव्या माणसाने रामराम घेतला नाही, सायकल घेतली. चार दिवस झाले होते.

"मग तुम्ही कोणाला विचारलं नाही?"

"थंय लिवलेला होता म्हणतंत," ते म्हणाले. "माजाच कायतरी चुकला आसतला."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने मला नाक्यावरून सोडवलं, तो लिहिलेल्या शब्दापुढे एकटा पडल्यावर मुलुंड ते विक्रोळी चार दिवस मुकाट्याने पायी आला होता. पाटीचं कुठे चुकलं हे सांगायला वाचता येणारा माणूस लागतो, आणि तो मी घरी गोधडीत पडलो होतो.

दुपारच्या सुट्टीत मी इंग्रजीत अर्ज लिहिला. ड्रॉइंग ऑफिसात बसून मी त्या गल्लीचा छोटा नकाशाही काढला. दोन्ही टोकांना दोन पाट्या दाखवल्या आणि त्यांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला. काम सुटल्यावर मिस्त्रींना घेऊन त्या कंपनीच्या कचेरीत गेलो. मिस्त्री बाहेर बाकावरच बसणार होते. मी आग्रह करून त्यांना आत नेलं.

जागेची देखरेख करणारे अधिकारी टक्कल पडलेले, चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, पाटीवर स्पष्ट लिहिलेलं आहे. मी त्यांच्यापुढे नकाशा ठेवला. "साहेब, ह्या टोकाला स्पष्ट लिहिलंय, आणि त्या टोकालाही स्पष्ट लिहिलंय. ह्यांनी कुठलं पाळायचं?"

मला वाटलं, आता बाहेर काढतील. पण त्या गृहस्थांनी नकाशा उचलला, टोपी घातली आणि आम्हाला चला म्हणाले. उन्हातून ते गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. दोन्ही पाट्यांसमोर उभे राहिले. दुसऱ्या पाटीसमोर जरा जास्तच वेळ. मग पहारेकऱ्याला सांगून त्याच्या खोलीत ठेवलेली सायकल आणवली आणि स्वतःच्या हाताने तिचं हँडल मिस्त्रींच्या हातात दिलं. माफी मागितली नाही, पण दिलं ते स्वतः. त्या माणसाला मी आजही मानतो. त्यांचं काम टेबलावरून भागलं असतं.

त्यांनी मला विचारलं, मग पाटीवर काय असावं, लिहून दे. मी कागद घेतला आणि वडिलांचा मुलगा शोभेन असं एक वाक्य लिहिलं. 'सदर मार्गावरून सायकलस्वारांनी सायकलवर आरूढ न होता' वगैरे. अधिकाऱ्यांनी ते मोठ्याने वाचलं. मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होते.

"तुका काय कळला?" त्यांनी मला हळूच विचारलं.

अधिकाऱ्यांनी ते ऐकलं. त्यांनी मिस्त्रींनाच विचारलं, तुम्ही कसं सांगाल? मिस्त्री संकोचले, सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, कोणी विचारलं तर मी सांगेन, बाबा, वर बसू नको, हातात धर आणि खुशाल ने.

आठवड्याभरात दोन्ही टोकांना नव्या पाट्या लागल्या. 'सायकल हातात धरून खुशाल न्या.' रंगाऱ्याने 'खुशाल' जरा मोठं काढलं होतं. त्या रस्त्याने जाणारे कामगार ते वाचून एकमेकांना दाखवत. मी मिस्त्रींना तो शब्द बोटाने दाखवला. त्यांनी त्यावरून नजर फिरवली, फळीला रंधा नीट मारलेला नाही म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी त्यांना अक्षरं शिकवायचं ठरवलं होतं. दोन रविवार पाटी-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझं मन राखायला बसून घेतलं, पण तिसऱ्या रविवारी त्यांच्या बायकोने पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी पुढे ठेवली, गप्पा रंगल्या आणि अभ्यास मागे पडला. पुढे दर रविवारी तसंच झालं. त्यांच्या घरी मी जितका जेवलो तितका कुठल्याच परक्या घरी जेवलो नाही.

सहा महिने पुरे झाले तेव्हा मस्टरवर आणखी एकही लाल खूण नव्हती. हेड ड्राफ्ट्समननी मला कायम केल्याचं पत्र दिलं. वडिलांनी ते पत्र तीनदा वाचलं, अक्षर कोणाचं ते विचारलं आणि देवापुढे ठेवलं. संध्याकाळी मी त्यांना मिस्त्रींबद्दल पहिल्यांदा सगळं सांगितलं, त्यांचं ते उशिराचं वाक्यसुद्धा. वडिलांनी देवापुढचं पत्र सरळ करून ठेवलं. मग म्हणाले, पेढे आधी त्यांच्याकडे ने, शेजाऱ्यांचं नंतर पाहू.

मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो. मिस्त्री दारात शेजाऱ्यांच्या फडताळासाठी एक लांब फळी कापत बसले होते. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, मिस्त्री, तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली. मिस्त्रींनी पुडा बायकोकडे दिला, एक पेढा माझ्याच हातावर ठेवला. कशाबद्दल आभार ते त्यांना खरंच उमगलं नव्हतं, असं मला वाटतं. फळी एका बाजूने हलत होती.

"आता इलंसच तर ह्या टोक धर," ते म्हणाले.

मी बाही वर केली, खाली बसलो आणि त्यांची करवत पार होईपर्यंत ते टोक धरून ठेवलं.