दहाव्या गावाचा मीटर

नगरपालिकेच्या वीज विभागात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे मीटरबाई म्हणत. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसल्या असताना त्यांनी आतल्या खोलीचा दिवा सवयीनं बंद केला, तर आतून पेशंटच ओरडला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि ऐंशी उलटलेली आई.

त्या वर्षी आजूबाजूच्या नऊ नगरपालिकांनी वीज एकत्र विकत घ्यायचं ठरवलं. एकट्यानं गेलं की कंपनी सांगेल तो भाव; नऊ जणांनी मोट बांधली तर कंपन्याच दारात येतील आणि लोकांच्या कराचा पैसा वाचेल. त्यासाठी प्रत्येक गावाच्या वेशीवर नवा मीटर बसला. दर अर्ध्या तासाला किती वीज आत गेली, ते तो आपणहून कळवायचा. सगळ्यांची यादी जुळवायचं काम मीटरबाईंच्या गळ्यात पडलं.

यादीत गावं नऊ आणि मीटर दहा.

दहावा होता खालच्या वस्तीचा. जमीन खचायला लागली म्हणून ती वस्ती एकोणीस वर्षांपूर्वी उठवली होती. माणसं वर आली, तारा तोडल्या, पण वेशीवरची जोडणी तेवढी कागदात अडकून राहिली. नवा मीटर बसवणाऱ्यांनी जुना नकाशा पाहिला आणि तिथंही एक ठोकून दिला. त्यावर शून्य यायला हवं होतं. आलं नव्हतं.

बाईंना आधी वाटलं, कुणी आकडा टाकून वीज चोरतंय. पण चोर हाताला येईल तेवढी ओढतो, त्याला वेळकाळ नसतो. इथं आलेखाची रेघ पहाटे हळूच वर चढत होती, दहाला उतरत होती, दुपारी तीनला एकदम उभी राहत होती आणि दिवेलागणीला पुन्हा फुगत होती. रोज. फक्त मंगळवारी तीनचा उंचवटा नव्हता.

तो कागद त्यांनी घरी नेला. आईचं माहेर त्या वस्तीतलं. कुठल्या गावचा ते न सांगता त्यांनी कागद आईपुढं धरला.

"हे बघ गं, एका गावचा दिवस आहे. रेघ वर गेली की वीज जास्त लागली."

आईनं चष्मा पुसला, बोट ठेवलं. "हा सकाळचा पाण्याचा पंप. आणि ही गिरणी. तीन वाजता सुरू करायचा तो."

"कोण?"

"आमचा गिरणीवाला. मंगळवारी नसायचा, लेकीकडं जायचा." आईनं कागद परत दिला. "कुठं मिळाला तुला हा? किती जुना आहे?"

कागद कालचा होता. बाईंनी तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सल्लागाराचा फोन आला. नऊ गावांनी मिळून नेमलेला हा माणूस आकड्यांवर जीव टाकायचा. "बाई, तुमचा तो दहावा मीटर सोन्याचा आहे! बाकीची गावं दुपारी झोपतात, तेव्हा हा जागा होतो. विकणाऱ्याला सगळ्यांचा मिळून दिवसभर सारखा वापर आवडतो. याचं बिल भरूनही सगळ्यांचं वाचतं. काढू नका हं."

विभागाच्या साहेबांनीही हात जोडले. "वापर आहे ना? मग कुणीतरी वापरतंय. शुक्रवारी सह्या आहेत, आता कशाला उकरता?"

पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीवर सही करणं बाईंच्या रक्तात नव्हतं. बुधवारी दुपारी त्या लाइनमनला घेऊन निघाल्या. तो इतका उंच की त्याला सगळे खांब म्हणत.

खाली रखरखीत ऊन होतं. घरांना दारं नव्हती, छपरं बसली होती. धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. खांबानं तारेचा माग काढला. विजेच्या चार खांबांपुढं ती तुटून लोंबत होती, टोकाला गंज चढलेला.

"बाई, पुढं काहीच नाही. वीज जायला वाटच नाही."

तीनला पाच मिनिटं होती. बाई मीटरसमोर उभ्या राहिल्या. तीन वाजले आणि आकडे धावायला लागले.

त्यांनी मुख्य खटका खाली ओढला. आकडे थांबले. तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं की आल्यापासून कानात एक बारीक घरघर होती. ती आता नव्हती. आणि वस्तीतली वीज गेली की जे होतं, तेच झालं. दिसलं काहीच नाही. पण दारादारांतून माणसं बाहेर आली आहेत, उंबऱ्यात उभी राहून आपल्याकडं बघताहेत, कधी येणार म्हणून विचारताहेत, हे बाईंना पाठीच्या कण्यात कळलं. खांब पांढराफटक पडला होता.

"बाई, लावा परत," तो कुजबुजला.

बाईंच्या तोंडून आयुष्यभराची सवय बोलली. रिकाम्या गल्लीकडं बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "दहा मिनिटांत येईल हो!"

आणि खटका लगेच वर केला. घरघर सुरू झाली. पाठीवरची नजर हलकी होत गेली, माणसं घरात परतावीत तशी.

शुक्रवारी सह्या झाल्या. भाव उतरला, वर्तमानपत्रात नऊ नगराध्यक्षांचा फोटो आला. यादीत दहाव्या मीटरपुढं बाईंनी दोनच शब्द लिहिले होते: वापर चालू.

पुढच्या महिन्यात मुख्य वाहिनीची दुरुस्ती निघाली. एका गुरुवारी दोन ते पाच पुरवठा बंद राहणार होता. बाईंनी नऊ गावांसाठी सूचना छापून घेतल्या आणि एक जास्तीची खांबाच्या हातात दिली. तो भर दुपारी जाऊन ती खालच्या वस्तीच्या वेशीवर चिकटवून आला.

शुक्रवारी सकाळी बाईंनी आलेख उघडला. दोन ते पाच सपाट होतं, व्हायला हवं तसं. तीनचा उंचवटा मात्र कुठं हरवला नव्हता. तो सकाळी नऊला आला होता. गिरणीवाल्यानं दळण आधीच उरकून घेतलं होतं.