सोबत येणारं गाठोडं

गाठोडं मागे राहिलं नाही, तेव्हाच मला माझी चूक कळली.

आमची गाडी नदीच्या पुलावर आली, तशा मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "थांबायला नको गं, चालत्या गाडीतूनच सोड." पूजेचं निर्माल्य आणि त्यातला नारळ असं सगळं कापडात बांधून मी मांडीवर घेतलं होतं. खाली पाणी दिसताच मी ते खिडकीतून कठड्यापलीकडे टाकलं.

वाटलं, सरळ खाली पाण्यात जाईल. पण ते खाली जाता जाता आमच्याबरोबर पुढेही येत राहिलं. आणि पुढे काठावर एक बाई वाकून गोधडी धूत होती.

इतकी वर्षं मी मुलांना हेच शिकवते. चालत्या गाडीतून सुटलेल्या वस्तूला गाडीचा वेग असतोच. ती खाली ओढली गेली तरी तिचं पुढे जाणं थांबत नाही. फळ्यावर ती वस्तू म्हणजे एक ठिपका आणि जमीन म्हणजे एक रेघ. त्या रेघेवर मी कधी कोणाला बसवलं नव्हतं. आता ओरडूनही काही उपयोग नाही, हे त्या गाडीत माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"थांबवा हो!" मी यांना म्हटलं. मी उतरले, कठड्यावरून वाकून पाहिलं. गाठोडं त्या बाईपासून हातभर अंतरावर पाण्यात पडलं होतं. ती चिंब भिजली होती. तिने वर पाहिलंच नाही. सुटलेल्या कापडातून वाहत निघालेली फुलं बघून तिने ओले हात जोडले.